दोऱ्याने बांधलेली कार्डं

अंबरनाथच्या औषध-कारखान्यात पॅकिंग खात्यातली एखादी मुलगी लग्नाची रजा संपवून परत आली, की टाइम ऑफिसातली कुंदा गुप्ते दोन कामं करायची. आधी तिच्या हातावरची मेंदी बघायची, मग तिचं नवं कार्ड लिहायची.

नवं कार्ड लागायचं, कारण रजेवर गेलेली मुलगी आणि परत आलेली बाई यांचं कागदावर काही जुळायचंच नाही. आडनाव बदललेलं, बापाच्या जागी नवरा आलेला, आणि बारशातलं नावसुद्धा गेलेलं. ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्याने अंगठीने त्यात नवं नाव लिहायचं, आजूबाजूच्यांनी टाळ्या वाजवायच्या, की झाली बाई नवी. मग कुंदाने हिरव्या जाड कागदाचं कोरं कार्ड काढायचं, वर नवं नाव घालायचं आणि 'रुजू दिनांक' या रकान्यात ती परत आली तो दिवस टाकायचा. आधीच्या साहेबांचा तसा हुकूमच होता. जुनं कार्ड टाकून द्यायला मात्र तिचा हात धजायचा नाही. ते ती नव्याच्या पाठीला लावायची, दोन्हींच्या कोपऱ्यातल्या भोकांतून गोधडीचा पांढरा दोरा ओवायची आणि दुहेरी गाठ मारायची.

सतरा वर्षांत तिने अशा अठ्ठेचाळीस गाठी मारल्या. स्वतःची धरली तर एकोणपन्नास. कारण ती स्वतः या कारखान्यात लागली तेव्हा उमा चित्रे होती, आणि मधू गुप्तेने चार वर्षांनी तांदळात 'कुंदा' लिहिलं तेव्हा आपलंच कार्ड आपल्याच हाताने बांधायची पाळी तिच्यावर आली होती.

गाठ आहे म्हणजे सगळं ठीक आहे, असं ती धरून चालली. दोऱ्याला सही-शिक्का नसतो, हे कळायला १९९१ साल उजाडावं लागलं.

त्या साली कारखान्यात कॉम्प्युटर आला. त्याच्यासाठी काचेची खोली झाली, खोलीत एसी बसला, आणि दाराबाहेर चपला काढायची पाटी लागली. देवाच्या गाभाऱ्यासारखं सगळं, फक्त तीर्थ मिळत नव्हतं. कॉम्प्युटर शिकायला कोणाला पाठवायचं असं निघालं तेव्हा पर्सोनेल ऑफिसर गुरुदत्त सामंतांनी आपल्या खात्यातल्या दोन पोरसवदा कारकुनांना पाठवलं. कुंदाने विचारलं, तर म्हणाले, "गुप्तेबाई, आता या वयात कशाला डोक्याला ताप?"

तिचं वय अडतीस होतं. डोक्याला ताप करून घ्यायला ते तिला अगदी बेताचं वाटलं. पुढच्याच सोमवारी सुट्टीचा भोंगा झाल्यावर तिने उल्हासनगर कॅम्प दोनची रिक्षा धरली आणि जीन्स शिवणाऱ्या एका दुकानाच्या माडीवर टेकचंदानी सरांच्या क्लासात नाव घातलं. आधी तिथे टायपिंग आणि शॉर्टहँड शिकवायचे. आता कोपऱ्यात दोन कॉम्प्युटर होते, आणि सर स्वतःच एक पुस्तक उघडून विद्यार्थ्यांच्या दोन धडे पुढे राहत होते.

कारखान्यातल्या कॉम्प्युटरचं काम मुंबईच्या एका कंपनीकडे दिलेलं होतं. तिथून हेमचंद्र नावाचा टायवाला यायचा. त्याने दोन टायपिस्ट मुली बसवल्या, कार्डांचे ट्रे काचेच्या खोलीत नेले, आणि पंधरा दिवसांत सगळी माहिती यंत्रात गेली. ट्रे परत आले तेव्हा कुंदाला ते हलके वाटले. कचऱ्याच्या टोपलीत पांढऱ्या दोऱ्यांचा एक गुंता पडला होता, फुलवातींचा पुडा सांडावा तसा. कार्डं सरळ बसत नव्हती म्हणून मुलींनी ब्लेडने गाठी कापल्या होत्या.

दोनच दिवसांनी, एका सोमवारी सकाळी, सामंतांनी तिला बोलावलं. टेबलावर भोकाभोकांच्या कडेचा लांबलचक कागद पसरला होता. पॅकिंगच्या एकशे अठरा बायकांची सेवाज्येष्ठतेची यादी. नवं मशीन येणार होतं आणि तीस जणी कमी होणार होत्या, हे कुंदाला ठाऊक होतं. शेवटी आलेली आधी जाणार, असा कायदा. म्हणजे यादीतल्या खालच्या तीस.

"इथे 'तपासले' लिहून सही करा," सामंत म्हणाले. "दुपारी बोर्डावर लावायचीय. सात दिवस हरकतींना."

कुंदाने कागद खालून वर वाचायला घेतला. पंधराव्या ओळीवर तिचं बोट थांबलं.

"साहेब, वृंदा आनंदा म्हात्रे इथे कशी?"

"एप्रिल शहाऐंशीत लागलीय. बघा ना समोर."

"ती सत्त्याहत्तरला लागलीय. विठा कोंडाजी भोईर नावाने."

सामंतांनी दुसरा कागद काढला. "विठा भोईर. हे बघा, सोडून गेलेल्यांच्या यादीत आहे. एप्रिल शहाऐंशी."

"एप्रिल शहाऐंशीत तिचं लग्न झालं. नवव्या दिवशी कामावर हजर होती. मेंदीचा रंग चांगला चढला होता, मी बघितलाय."

"कॉम्प्युटर चुकत नाही, गुप्तेबाई."

"कॉम्प्युटर नाहीच चुकला. त्याला सांगणारे चुकले. त्यातली एक मी. आधीच्या साहेबांच्या हुकमाने नवी तारीख मी मुकाट्याने लिहिली आणि दोऱ्यावर विसंबले."

"मग आता?"

"आता सही नाही करणार."

सामंत खुर्चीत मागे टेकले. माणूस वाईट नव्हता. पण वरून आलेला कागद खाली ढकलायची सवय झाली, की मधल्या माणसाचा कणा हळूहळू पन्हळीसारखा होतो. "विचार करा," ते म्हणाले. "तुमचीही नोकरी सतरा वर्षांची झाली."

"तुमच्या यंत्राला विचारा. ते तेराच सांगेल. माझाही दोरा कापलाय त्यांनी."

यादी तिच्या सहीशिवायच बोर्डावर लागली.

जेवणाच्या सुट्टीत बायकांचा घोळका बोर्डासमोर उभा राहिला. विठा घोळक्याच्या मागून बघत होती. ती मूळची चिखलोलीची, सोनिवलीला दिलेली. घरात महिन्याचा पगार आणणारी एकटीच. नवऱ्याची, आनंदाची, भातशेती चार महिन्यांची, आणि उरलेले आठ महिने विठाच्या हातांवर चालणारे. बाटलीला बूच, बुचाला सील, दिवसाला हजारो बाटल्या. चौदा वर्षं.

"ताय, माजं नाव खाली कसं गेलं?" तिने कुंदाला गाठलं. "ही रखमा माज्या आठ वर्सं मागून लागली. ती वर हाय नि मी खाली?"

शेजारी रखमा उभी होती. बाटल्यांच्या सरकत्या पट्ट्यावर ती विठाच्या बाजूलाच बसायची. तिने मान दुसरीकडे वळवली.

कुंदाने काय झालं ते सांगितलं.

"म्हंजी विठा काम सोडून गेली."

"कागदावर."

"आन् रोज सोनिवलीवरनं जी येते ती कोन? माजं भूत? भुताला पगार देतात व्हय तुमचे सायेब?" मग तिचा आवाज उतरला. "ताय, नाव मी मागितलं नवतं. सासऱ्याला वाटलं, विठा जुनाट वाटतं. त्याचा दंड मना कशापायी?"

कुंदाला हा गुंता एकटीने सुटणार नव्हता. म्हणून ती संध्याकाळी कॅम्प दोनला गेली.

खालच्या मजल्यावर जीन्सच्या शिलाई-मशिनी अशा खडखडत होत्या की टेकचंदानी सरांच्या टेबलावरचा चहा कपात थरथरत होता. कुंदा सगळं सांगून मोकळी झाली आणि वर उपायही सांगितला. "सर, सोपं आहे. यादीत आणखी एक रकाना घालायचा. 'जुनं नाव'. मग दोन्ही नावं एका ओळीत येतील."

सरांनी चष्मा कपाळावर चढवला. "अच्छा. और जिसके तीन नाम हों?"

कुंदाने बोटांवर मोजून पाहिलं. पॅकिंगमधली कौसाबाई आठवली. माहेरचं एक नाव, नवऱ्याकडचं दुसरं, नवऱ्याने टाकल्यावर पुन्हा बापाचं आडनाव लावलेलं तिसरं. तिच्या कार्डांना दोन गाठी होत्या.

"तो 'नाम तीन' का खाना भी बनाओगी? एक औरत के लिए? बाकी एक सौ सतरा का खाली पडा रहेगा. और कल को चौथा नाम हुआ तो? हर शादी पे घर की दीवार तोडोगी, अदी?" बहिणीला सिंधीत अदी म्हणतात, आणि सर सगळ्याच बायकांना अदी म्हणायचे. "गलती खाने में नहीं है. गलती ये है कि तुम्हारे टायवाले ने नाम को ही औरत समझ लिया. नाम औरत नहीं है. नाम औरत के साथ हुई एक बात है. इस तारीख से उस तारीख तक."

त्यांनी पाठकोऱ्या कागदावर तीन चौकोन काढले; कॉम्प्युटरवाले अशा तक्त्याला टेबल म्हणतात. पहिल्यात फक्त बाई: एक बाई, एक ओळ, आणि तिचा एक क्रमांक. दुसऱ्यात नावं: क्रमांक, नाव, कधीपासून, कधीपर्यंत. जिला एक नाव तिची एक ओळ, कौसाबाईच्या तीन. "खाली खाना कहीं नहीं. जितने नाम, उतनी लाइन. तुम्हारा दोरा ये नंबर है. इस टेबल में भी वही, उस टेबल में भी वही. ये दोरा ब्लेड से नहीं कटता."

"टोकनचा नंबर घेऊ? पितळी बिल्ला असतो प्रत्येकीला."

"टोकन बदलता है?"

"एक सोडून गेली की तिचं टोकन दुसरीला देतात."

"तो टोकन भी एक बात है, तारीख से तारीख तक." त्यांनी तिसऱ्या चौकोनावर टोकन लिहिलं. पीएफचा नंबर तर नव्या कार्डाबरोबर नवाच मागवायची पद्धत होती, तोही बाद झाला. "नंबर ऐसा चाहिए जो दो को न मिले, कभी न बदले, और मरने के बाद भी किसी और को न मिले. और उस में कुछ मतलब मत डालना. न साल, न डिपार्टमेंट. मतलब डाला कि किसी दिन वो झूठ हो जाएगा."

हे सगळं कुंदाला पटलं, आणि पटूनही आतून कुठेतरी टोचलं. "पण सर, बाईला नंबर द्यायचा म्हणजे तुरुंगातल्यासारखं होतं."

सरांनी चहा संपवला, मगच बोलले. "मेरी माँ यहाँ कॅम्प में आई सिंध से. उसके भी तीन नाम. बाप के घर एक, शादी में ब्राह्मण ने दूसरा निकाला, और यहाँ कारकून ने कान से जैसा सुना वैसा तीसरा लिख दिया. दरवाजे पर बॅरॅक का नंबर. नंबर से बहुत चिढती थी. कहती थी, हम क्या बोरी हैं, जो नंबर डालते हो." ते जरा हसले. "पाँच साल बाद उसकी बहन ढूँढते हुए आई. जो नाम वो जानती थी, वो नाम यहाँ किसी को मालूम नहीं था. हाथ में एक पुरानी चिट्ठी थी, उस पर बॅरॅक का नंबर. उसी से मिली. उसके बाद माँ नंबर को कुछ नहीं बोली."

कुंदाने कॉम्प्युटरसमोर खुर्ची ओढली. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं उमटायला लागली. पहिली ओळ कोणाची भरायची हा प्रश्नच नव्हता. जे दुसऱ्यांवर करायचं ते आधी स्वतःवर करून बघावं. क्रमांक एक. मग दुसऱ्या टेबलात एक, उमा चित्रे, चौऱ्याहत्तर ते अठ्ठ्याहत्तर. एक, कुंदा गुप्ते, अठ्ठ्याहत्तरपासून पुढे. मग सरांनी सांगितलेली आज्ञा एका बोटाने शोधून शोधून टंकली: 'सेट रिलेशन टू'. क्रमांकाने दोन्ही टेबलं जोड, आणि या बाईची सगळ्यात जुनी तारीख दाखव.

पडद्यावर एकच ओळ आली. तीन जून चौऱ्याहत्तर.

उमा आणि कुंदा तेरा वर्षांत पहिल्यांदा एका जागी भेटल्या होत्या. कुंदाने पडद्यावरच्या तारखेवर बोट ठेवलं. सर म्हणाले, "सेव्ह कर लो, अदी. लाइट का भरोसा नहीं."

एकीचं झालं, आता सत्तेचाळीस जणींचं करायचं होतं. कार्डं कारखान्याबाहेर न्यावीत तर चोरी ठरली असती, आणि दोरे कापलेल्या कार्डांवरून कुठली कोणाची जोडी हे सामंतांनी मानलंही नसतं. मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत कुंदाने पॅकिंगच्या बायकांना एवढंच सांगितलं, "उद्या येताना आपापल्या लग्नाची पत्रिका आणा. आणि नेमणुकीचं पत्र."

"आनि मंगळसूत्र नको काय, तोलायला?" गयाबाईने विचारलं. ती तोंडाळ म्हणून प्रसिद्ध होती.

"मंगळसूत्रावर तारीख नसते, गयाबाई."

बुधवारी पत्रिका आल्या. ट्रंकेच्या तळातून, गादीखालून, देव्हाऱ्यातून. कोपऱ्यांना हळदीकुंकवाचे डाग, वर गणपती, आत 'आमच्या येथे श्रीकृपेकरून'. नेमणुकीचं पत्रही बहुतेकींनी त्याच पाकिटात घडी घालून ठेवलेलं निघालं. ज्या दोन कागदांनी आयुष्य बदललं ते एकत्र ठेवायची अक्कल या बायकांना होती, आणि एसीच्या खोलीतल्या यंत्राला नव्हती. कुंदा डबा न खाता एकेक पत्रिका वहीत उतरवत गेली. माहेरचं नाव, तारीख, सासरचं आडनाव, नवं नाव. बायका भोवती कोंडाळं करून एकमेकींची जुनी नावं ऐकत होत्या. वर्षानुवर्षं शेजारी बसणाऱ्या दोघींना तेव्हा कळलं की दोघी मूळच्या गोदावरीच. मग त्या दिवसभर एकमेकींना 'गोदे' म्हणून हाका मारत होत्या आणि सुपरवायझर कोणाला हाक पडली ते बघत होता.

गयाबाईची पत्रिका नव्हती. देवळात चार माणसांत लग्न झालेलं. तिने गुरुवारी सासूलाच फाटकापाशी आणून उभं केलं. म्हातारी कुंदाला म्हणाली, "हीच ती. मीच पसंत केलीवती. आता पस्तावते, पन हीच ती." कुंदाने तिचा जबाब लिहून घेतला आणि खाली अंगठा घेतला.

शुक्रवार म्हणजे कारखान्याच्या आठवड्याच्या सुट्टीचा दिवस. मधू गुप्तेने सकाळी विचारलं, "आज तरी घरी आहेस ना?" ती म्हणाली, "आमटी झाकून ठेवलीय, भात तुमचा तुम्ही लावा." मधूने तिच्या हातातल्या पत्रिकांच्या पिशवीकडे पाहिलं. "एवढ्या लग्नांना जायचंय?" त्याने विचारलं. पण पिशवी रिक्षापर्यंत त्यानेच उचलून आणली. दिवसभर ती सरांच्या माडीवर बसून नोंदी भरत होती. दोनदा लाइट गेली, दोनदा थोडं थोडं पुन्हा भरावं लागलं. संध्याकाळी एकशे अठरा बायकांना एकशे अठरा क्रमांक मिळाले होते आणि एकशे सहासष्ट नावं त्यांना लटकली होती. सरांनी सगळं एका फ्लॉपीवर उतरवून दिलं. कुंदाने ती एका पत्रिकेच्या पाकिटात घातली. पाकिटावर लिहिलं होतं, 'लग्नाला यायचं हं'.

शनिवारी सकाळी ती काचेच्या खोलीत शिरली. सामंत आणि हेमचंद्र दोघंही आत होते.

"चपला, गुप्तेबाई," सामंत म्हणाले. "धूळ चालत नाही त्याला."

"दोरे चालले नाहीत, धूळ चालत नाही. फार नखरे करून ठेवलेत त्याचे." ती चपलांसकट पुढे आली आणि पाकीट टेबलावर ठेवलं. "सरांच्या जीन्सच्या माडीवर एवढी धूळ आहे की बोटाने नाव लिहावं. तिथे हेच काम झालं."

हेमचंद्रने पाकिटावरचा गणपती बघितला, फ्लॉपी बघितली, आणि उत्सुकता आवरली नाही म्हणून ती यंत्रात घातली. तिन्ही टेबलं त्याने एकेक करून उघडली. मग त्याने टाय सैल केला.

"हे कोणी बसवलं?"

"मी."

"नाही, म्हणजे रचना कोणाची?"

"बायकांची. त्यांची आयुष्यं आधीपासूनच अशी रचलेली होती. तुम्ही सगळी एका ओळीत दाबून बसवायला गेलात."

हेमचंद्रने विठाच्या क्रमांकाच्या दोन्ही ओळी पडद्यावर काढून पाहिल्या. मग सामंतांकडे न बघता म्हणाला, "साहेब, बाईंचं बरोबर आहे. मी नाव हीच ओळख धरली होती. चुकलं ते."

प्रिंटरने करकरत नवी यादी ओकली. विठा खालच्या तिसांतून निघून वरून एकविसावी आली. तिच्यासारख्या आणखी दहा जणी वर सरकल्या.

सामंतांनी यादी हातात घेतली. "छान. आणि तीस तर कमी करायच्याच आहेत. अकरा वर गेल्या म्हणजे दुसऱ्या अकरा खाली आल्या. ही बघा रखमा. आधीच्या यादीत वाचली होती. तिला तुम्ही खाली आणलंत. तिला तोंड कसं दाखवणार?"

हा घाव बरोबर बसला. कुंदाने आदल्या दिवशीच ती ओळ पाहिली होती. रखमा नोकरीला लागली ती लग्न होऊनच. तिचं कार्ड एकच, दोरा नाही, जोड नाही. चुकीच्या यादीने तिला वाचवलं होतं.

"दाखवीन," ती म्हणाली. "जे आहे ते सांगून दाखवीन. तुम्हीसुद्धा एकदा दाखवून बघा, तीस जणींना. यादीमागे लपू नका." मग तिने पिशवीतून एक जाडजूड गठ्ठा काढला. सत्तेचाळीस लेखी हरकती, प्रत्येकीला पत्रिकेची किंवा जबाबाची आणि नेमणूकपत्राची नक्कल जोडलेली. जोडलेली म्हणजे पांढऱ्या दोऱ्याने शिवलेली. "जुनी यादी लावायची तर जरूर लावा. मग हे लेबर ऑफिसला जाईल. माझ्या सहीने. दोन्ही नावांनी."

सामंतांनी एक दोरा चिमटीत धरून ओढून पाहिला. गाठ पक्की होती. हेडऑफिसला फोन लावायला ते बाहेर गेले आणि अर्ध्या तासाने आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर वरून आलेला नवा हुकूम होता. जुनी यादी रद्द. नवी सोमवारी लावायची. पुन्हा सात दिवस.

छापण्याआधी हेमचंद्रने एक अडचण सांगितली. यादीत रकाना एकच, नावं दोन-दोन. कुठलं छापायचं? त्याला वाटलं, आत्ताचं छापावं. कुंदा म्हणाली, "जिचं तिला विचारू." आणि खरोखरच पट्ट्यावर जाऊन सत्तेचाळीस जणींना विचारून आली. बऱ्याच जणी म्हणाल्या, आहे तेच राहू द्या, आता सवय झाली. गोदावरी दोघी 'गोदावरी' म्हणाल्या. विठाने हातातली बाटली सील करून पुढे ढकलली, मग मान वर केली.

"विठा लिवा."

"घरी चालेल?"

"ताटातले तांदूळ दुसऱ्या दिवशी कोंबड्यांना घातले माज्या सासूनं. मी सवता पायलंय. जे नाव कोंबड्यांनी खाल्लं ते माजं कसलं?" तिने दुसरी बाटली उचलली. "विठा लिवा. विठा काय काम सोडून गेलेली नाय."

सोमवारी यादी लागली. बोर्डासमोर या वेळी ओरड झाली नाही. विठा एकविसाव्या ओळीवर बोट ठेवून उभी राहिली, पण हसली नाही, कारण शेजारी रखमा होती.

कुंदा रखमाला घेऊन जिन्यापाशी गेली आणि सगळं सांगितलं. आडवळण न घेता. रखमाने ऐकून घेतलं.

"तुमचं खरं तुमच्यापाशी ठेवा, ताई," ती म्हणाली. "माझी चूल त्याच्यावर पेटायची नाय." दोन पायऱ्या उतरून ती थांबली. पाठमोरीच बोलली, "तुम्ही बायकांची जुनी नावं हुडकली. माझी जुनी वर्षं नाय हुडकली."

"कुठली वर्षं?"

"पंच्याऐंशीला कायम झाले. त्याच्या आधी दोन वर्षं बदली म्हणून येत होते. कोणी आजारी पडलं की तिच्या जागी. कधी महिन्यात वीस दिवस, कधी चोवीस. रोज फाटकावर मुकादम हजेरी घ्यायचा, लाल पुठ्ठ्याच्या वहीत. ती वर्षं कोणत्या टेबलात हायत?"

कोणत्याच नव्हती. कुंदाने एवढं घोकलं होतं, की नाव हीच बाई नव्हे, टोकन हीच बाई नव्हे. आणि 'कायम झाल्याची तारीख' हीच नोकरी, हे मात्र तिने आजवर डोळे मिटून मानलं होतं. दुसऱ्याच्या चुकीवर बोट ठेवताना आपल्या हाताखाली काय झाकलं जातं ते दिसत नाही.

लाल पुठ्ठ्याच्या वह्या स्टोअरच्या माळ्यावर होत्या. तिने त्या उतरवल्या आणि फडक्याने पुसल्यासुद्धा नाहीत. तशाच छातीशी धरून काचेच्या खोलीत गेली. सामंत यादीची कार्यालयीन प्रत आणि पेन घेऊन तिचीच वाट बघत होते.

"झालं ना मनासारखं? आता करा सही."

"इतक्यात नाही," कुंदा म्हणाली.

"आता काय राहिलं?"

तिने वह्या यंत्राशेजारी ठेवल्या. खाकी धुळीचा एक लोट उठला आणि सावकाश कीबोर्डवर बसला. हेमचंद्रने उठून तिला खुर्ची दिली.

"चौथं टेबल," ती म्हणाली. "बदलीच्या दिवसांचं. हरकतींना अजून सात दिवस आहेत ना?"

पेन हातात तसंच धरून सामंत उभे होते. कुंदाने पहिली वही उघडली, मुकादमाच्या किरट्या अक्षरात नाव शोधलं आणि एका बोटाने टंकायला सुरुवात केली. रखमाला क्रमांक आधीच दिलेला होता, अडुसष्ट. तो बदलायचा नव्हता.